पाहुणे आले की यंत्र रुसतं

माझ्या भाच्याच्या न्यू जर्सीतल्या घरी, तळघरात, एक जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र आहे. कपाटाएवढं उंच, नाणं टाकून खेळायचं. खेळ पॅक-मॅन, जपानमध्ये १९८० साली निघालेला. ठिपके खात पळणारा तो पिवळा गोळा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

२०१९ च्या दिवाळीत मी तिथे होते. सात-आठ कुटुंबं फराळाला आलेली. मुलांची यंत्रापुढे ही झुंबड! तासाभरात चित्र थरथरलं, आक्रसलं आणि काळोख. भाच्याचा चेहरा बघवेना. "मावशी, काल रात्री व्यवस्थित चालत होतं गं!" पाहुणे गेल्यावर त्याने यंत्रावर चादर टाकली. म्हणे, आता कोणाला हात लावू देणार नाही.

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही.

मी मराठी माध्यमातली बी.ए., विजेतलं मला काय कळणार? पण दुसऱ्या दिवशी तो यंत्र उघडून बसला तेव्हा शेजारी बसून भरपूर प्रश्न विचारले. (मास्तरकीची सवय!) त्यात आपल्या जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब असते. तिच्या सर्किटमधले कपॅसिटर इतक्या वर्षांत आतून सुकतात. तापून-निवून सोल्डरिंगचे सांधे चिरतात. एरवी भाचा एकटाच दहा मिनिटं खेळतो, तेवढ्यात यंत्र पुरतं तापतही नाही. पाहुणे आले की ते तासन्‌तास चालतं, आणि लपलेलं दुखणं बाहेर येतं. त्यात पाहुण्यांचा काय दोष?

शाळेत तपासणीला साहेब आले की वर्गातलं एखादं हुशार मूल हमखास अडखळायचं. म्हणून पुढच्या वेळी त्याला मागच्या बाकावर लपवायचं का? मी त्याला रोज उभं करून वाचायला लावत असे.

भाच्यालाही तेच सांगितलं. चादर काढ. जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घे. बंद केल्यावरही त्या ट्यूबमध्ये वीज साठून राहते, स्वतः धाडस नको. मग दर रविवारी दोन तास चालव, म्हणजे जे बिघडायचं ते तुझ्यासमोर बिघडेल. आणि मुलांना खेळू दे. हे यंत्र बनवलं तेच मुळी अनोळखी लोकांनी नाणी टाकून खेळावं म्हणून. झाकून ठेवलं तर ते नुसतं कपाट.

२०२३ च्या दिवाळीत त्याचा फोन आला. "मावशी, आज पुन्हा बंद पडलं."

"अरेरे! कधी?"

"रात्री अकराला. सगळी मुलं खेळून झाल्यावर."

त्याच्या आवाजात हसू होतं.