जेधे आणि बांदल : खरी चुरस कशाला म्हणावी?

शत्रू दूरदेशीचाही असू शकतो. प्रतिस्पर्धी मात्र बांधाला बांध लागून असावा लागतो. भोरचेच पाहा. कारीचे जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख, तर बांदल शेजारच्या हिरडस मावळाचे. दोन्ही घराण्यांत जुने वैर.

पण नुसत्या वैराला मी चुरस म्हणणार नाही. दोघांनाही एकच गोष्ट हवी असली, तरच ती लागते. इथे ती गोष्ट होती मान.

१६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून शिवरायांची बाजू धरली. दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांना मिळाला. पुढे जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांचे मावळे आणि त्यांचेच देशपांडे बाजीप्रभू धारातीर्थी पडले. तो मान मग जेध्यांकडून बांदलांकडे गेला.

ही कथा जेध्यांच्या मनाच्या थोरवीसाठी सांगितली जाते, आणि ती थोरवी होतीच. मला मात्र महाराजांची पारख अधिक मोलाची वाटते. बांदलांसाठी एखादा नवा मान निर्माण करणे सोपे होते. त्यांनी तोच मान हलवला. कारण जेध्यांनी आपल्या हाताने सोडलेल्या मानाचे वजन बांदलांइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते?