यांत्रिक करवत आणि तिची धार

पावसाळ्यापूर्वी दादर, गिरगाव भागांत झाडांची छाटणी निघाली म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचा आवाज कानी येऊ लागतो. झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये परवानगी लागते. करवत धरणारा हात शिकलेला आहे काय, याची चौकशी मात्र क्वचितच होते. बागाईतदारांकडेही स्थिती निराळी नाही.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीस टेकला की करवत क्षणार्धात चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून ती दोन्ही हातांनी घट्ट धरावी, खांद्याच्या वर उचलू नये व शिडीवरून तर मुळीच चालवू नये. लालबाग-परळच्या अरुंद गल्ल्यांत उंच फांदीला दोर बांधून हातकरवतच लावावी. वेळ लागला तर लागो.

बोथट साखळी धारदार साखळीहून अधिक घातक, असे आमचे स्पष्ट मत आहे. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या उडविते. बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते आणि माणसास जोर करावयास लावते. असा भुसा दिसताच यंत्र बंद करावे, हातमोजे घालून प्रत्येक दातास गोल कानशीचे सारखेच हात द्यावेत, साखळीचा ताण व तेलही पाहून घ्यावे. यात जाणारा अर्धा तास ठेकेदाराने मजुरीत धरावा.