परसातला रॅम्प आणि भाड्याची खोली

लातुरात किंवा नांदेडात ‘रॅम्प’ म्हटले की घराच्या फाटकापुढचा सिमेंटचा उतार डोळ्यांपुढे येतो. रस्ता आणि जोते यांच्या उंचीत फूट-दीड फुटाचा फरक असतो, मोटारसायकल तर आत घ्यायचीच असते, म्हणून गवंडी जाता जाता चार घमेली माल टाकून तो करून देतो. अर्धा रस्त्यावर, अर्धा गटारावर. अधूनमधून महापालिकेची नोटीस येते आणि विसरली जाते. आमच्या शहरांतल्या मुलांनी पाहिलेला हा एकमेव रॅम्प. आता मात्र नववी-दहावीतली मुले मोबाइलवर दुसरेच काही पाहतात. परदेशात कुणाच्या तरी परसात लाकडाचा भला थोरला अर्धगोल उभा आहे, आणि त्यांच्याच वयाची पोरे चार चाकांच्या फळीवर उभी राहून या टोकाकडून त्या टोकाला झुलताहेत. मग ही मुले घरच्यांना विचारतात, आपल्याकडे असे का नाही? प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण त्याचे उत्तर शोधू लागले की ते लाकडापाशी किंवा पैशापाशी सापडत नाही, जागेपाशी सापडते.

आधी त्या रॅम्पचे माप घेऊ. लहानात लहान, घरगुती म्हणता येईल असा रॅम्प चार फूट उंच असतो. त्याची गोलाई सात फूट त्रिज्येच्या वर्तुळाची. उंचीएवढीच त्रिज्या घेतली तर चढ एकदम उभा होतो आणि शिकाऊ मुलगा आपटतो. या हिशेबाने प्रत्येक बाजूचा वळता उतार जमिनीवर सव्वासहा फूट जागा खातो. मधली सपाट जागा आठ फूट. वर उभे राहायला दोन्ही टोकांना तीन-तीन फुटांचे ओटे. सगळे मिळून लांबी साधारण २७ फूट, आणि रुंदी किमान आठ. म्हणजे २१६ चौरस फूट. आता वाचकांनी आपल्या गावातला ३० बाय ४०चा प्लॉट डोळ्यांपुढे आणावा. याच २१६ चौरस फुटांत दहा बाय दहाच्या दोन खोल्या बसतात, दोन खोल्यांत चार कॉट आणि चार कॉटवर चार विद्यार्थी. रॅम्प का नाही, याचे उत्तर या बेरजेत आहे.

हा खेळ परसात कसा आला, ती हकिगत आपण दुष्काळी माणसांनी ऐकण्यासारखी आहे. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. तिथे सुखवस्तू घरांमागे पोहण्याचे तलाव असतात. पाणी तोडले गेले, तलाव कोरडे पडले, आणि त्यांच्या गुळगुळीत गोलाकार भिंती उघड्या झाल्या. सांता मोनिका आणि व्हेनिस भागातली टवाळ म्हणून गणलेली पोरे घरमालकांचा डोळा चुकवून त्या कोरड्या तलावांत उतरली. चाकाची फळी भिंतीवर चढवता येते आणि पुन्हा खाली आणता येते, हे त्यांनी तिथे सिद्ध केले. मग गावोगावी सिमेंटची स्केट-पार्क निघाली. पण १९८०च्या आसपास, अपघाताच्या दाव्यांना आणि विम्याच्या हप्त्यांना कंटाळून, मालकांनी त्यांतली बहुतेक बंद केली. खेळ मरायचा, तर तो घरामागच्या परसात शिरला. मुलांनी बापांना, काकांना हाताशी धरले आणि प्लायवूडचे रॅम्प ठोकले. ते कसे बांधायचे याचे नकाशे मासिकांतून छापून येत असत. संस्था मागे हटल्या तेव्हा हा खेळ घरच्या अंगणाने वाचवला, असे म्हणायला हरकत नाही.

दुष्काळ आमच्याही वाट्याला आला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या कोरड्या हौदांत कुणी खेळायला उतरले नाही. मुले घागरी घेऊन रांगेत उभी होती. तुलना इथेच सोडून देतो. तिकडे आटले ते चैनीचे पाणी होते आणि इकडे पिण्याचे, एवढा फरक पुरेसा आहे.

पण चाकाच्या फळीचे म्हणाल, तर ती आम्हाला अजिबात परकी नव्हती. माझ्या पिढीच्या वाचकांना बेअरिंगची गाडी आठवत असेल. गॅरेजमधून जीपचे किंवा ट्रॅक्टरचे बाद झालेले तीन बेअरिंग मागून आणायचे, दोन मागे, एक पुढे. मध्ये देवदाराच्या खोक्याची फळी, आणि पुढच्या आडव्या दांडीला दोरी बांधून तिचे लगाम. डांबरी उतारावरून ती निघाली की तिच्या खडखडाटाने दुपारी वामकुक्षी घेणारी अख्खी आळी उठून बसायची. अमेरिकेतल्या मुलांनीही १९५०च्या दशकात नेमके हेच केले होते. रोलर स्केटची लोखंडी चाके काढून फळीखाली ठोकली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे लोखंडी आणि मातीच्या चाकांऐवजी युरेथेनची चाके आली, फळी रस्त्याला चिकटून पळू लागली आणि खेळ पुढे निघून गेला. आमची बेअरिंगची गाडी गॅरेजच्या दारातच राहिली. हल्लीच्या मुलांना ती दाखवायची म्हटले तर चित्र काढून दाखवावी लागते.

नांदेडच्या भाग्यनगर भागात माझ्या एका स्नेह्यांच्या घरामागे काही वर्षांपूर्वी असा रॅम्प खरोखर उभा राहिला. त्यांचा नातू नववीत होता. त्याने मोबाइलवरून मापे उतरवून घेतली, आजोबांनी सेंट्रिंगच्या कामाच्या जुन्या प्लाय आणि बल्ल्या स्वस्तात मिळवल्या, आणि सुतार बोलावला. मी योगायोगाने तिथे होतो. सुताराने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘काका, हे कामून करायलाव? खाली उतरायला जिना हाय की.’’ नातू म्हणाला, ‘‘मामा, नुसतं उतरायचं नाही, परत वर यायचंय.’’ सुताराला ते पटले की नाही कोण जाणे; पण त्याने जमिनीत खिळा ठोकला, सात फुटांची दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि बैलगाडीच्या चाकाची गोलाई काढावी तशी एका झटक्यात प्लायवर कमान काढली. त्या दोन कमानींमध्ये वीत-वीत अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर पातळ प्लायचे दोन थर वाकवून बसवले. वरच्या कडेला दोन इंची लोखंडी पाइप. चार दिवसांत काम झाले.

पहिल्या आठवड्यात तो मुलगा रोज पडला. कोपरे सोलली, एकदा मनगट सुजले; हेल्मेट आजोबांनी सक्तीने घालायला लावले होते म्हणून डोके वाचले. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतली पोरे जमली. तिसऱ्या आठवड्यात शेजारून निरोप आला. त्यांची मुलगी नीटची तयारी करीत होती आणि प्लायवरच्या चाकांचा धाडधाड आवाज थेट तिच्या टेबलापर्यंत जात होता. तक्रार रास्त होती. मग वेळ ठरली, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. पहिल्या पावसाळ्यात ताडपत्री टाकून निभावले, दुसऱ्या पावसाळ्यात प्लायचे पापुद्रे सुटले. तोवर नातू अकरावीत गेला होता. आज त्या जागेवर पत्र्याचे छप्पर असलेल्या दोन खोल्या आहेत, आणि त्यांत हिंगोलीकडची चार मुले राहतात. स्नेह्यांना मी दोष देत नाही. निवृत्तिवेतनात औषधांचा खर्च भागत नाही हे मलाही कळते.

लातूर पॅटर्नचा इतिहास इथे नव्याने सांगायला नको. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून सुरू झालेल्या त्या शिस्तीने मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे ऋण कुणी नाकारू नये. पण त्या शिस्तीने शहराचा नकाशाही बदलला. बँकेत असताना घराच्या वाढीव बांधकामासाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. सुरुवातीला परतफेडीचे साधन म्हणून पगार किंवा शेती लिहिलेली असे. पुढे पुढे तिथे ‘विद्यार्थ्यांचे भाडे’ असे लिहून येऊ लागले. नकाशावर घरामागे मोकळी जागा दाखवलेली असे, आणि प्रत्यक्ष जागेवर गेले की तिथे पाया खणून तयार. परस असा एकेका खोलीने संपला. पेरू गेला, कढीपत्ता गेला, कपडे वाळत घालायची तार गच्चीवर गेली. लातुरात ‘ट्यूशन एरिया’ हे आता पत्त्याचे नाव झाले आहे.

आणि आता गच्चीचीही पाळी आली आहे. केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालील मुलाला प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुटी हवी. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत समुपदेशकांच्या नेमणुकीबरोबरच वसतिगृहातले पंखे सुरक्षित पद्धतीचे असावेत आणि गच्ची-बाल्कनीकडे जाण्यावर निर्बंध असावेत, असेही आहे. मुलांचे जीव वाचवण्यासाठी हे करावे लागते आणि ते केलेच पाहिजे. पण शहराच्या बाजूने पाहा. परस भाड्याने गेला, गच्चीला कुलूप लागले, रस्त्यावर रिक्षा-ट्रॅव्हल्सची गर्दी. सोळा-सतरा वर्षांच्या हजारो मुलांना संध्याकाळी तासभर पळायला, ओरडायला, पडायला या शहरात नेमकी कुठली जागा आहे? न्यायालयाने त्याच तत्त्वांत खेळ आणि कला यांनाही महत्त्व दिले आहे. कुलूप एका दुपारीत लावून होते. मैदानाचे तसे नसते.

काही पालक विचारतील, स्केटिंगचे क्लास तर आहेतच की. आहेत, आणि चांगले आहेत. चाकांचे बूट घालून सपाट जागेवर गोल फिरणारी चिमुरडी आपल्या शहरांत सकाळी दिसतात. चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने २०२५ मध्ये याच चाकांवर जागतिक अजिंक्यपद मिळवले. पण आपल्याकडे क्लासच्या दाराशी पहिला प्रश्न असतो तो प्रमाणपत्राचा: जिल्हा पातळीवर खेळला तर किती गुण, राज्य पातळीवर खेळला तर किती? दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांनी खेळालाही शिकवणीच्या रांगेत नेऊन बसवले. परसातल्या त्या नातवाला प्रमाणपत्र कोण देणार होते? तो एकच उडी सत्तर वेळा चुकत होता आणि एकाहत्तराव्यांदा कुणी न सांगता पुन्हा वर चढत होता. नीटच्या सराव परीक्षेत चुकलेल्या उत्तराला उणे गुण असतात. इथे नव्हते.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, ही दुसरी शंका. तिला उत्तर मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात आहे. जनवार या छोट्या गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पुढाकार घेऊन सिमेंटचे स्केट-पार्क बांधवले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. नियम दोनच: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना आधी संधी. ज्या गावात आदिवासी आणि यादव वस्त्यांतली मुले एकत्र खेळत नसत, तिथे ती एकाच उतारावर येऊ लागली. तिथलीच आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. राजस्थानात खेमपूर गावी ‘स्केटर गर्ल’ या चित्रपटासाठी असेच पार्क बांधले गेले. चित्रपट २०२१ मध्ये आला आणि गेला, पार्क गावात राहिले. (दिग्दर्शिका मंजरी माकिजानी ही ‘शोले’तल्या सांबाची, म्हणजे मॅक मोहन यांची मुलगी. ज्याने अख्खा चित्रपट खडकावर बसून काढला, त्याच्या मुलीने गावाला घसरायला शिकवले!) त्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या दोघीही तेरा वर्षांच्या होत्या. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हा खेळ होता आणि त्यात महाराष्ट्राच्या मुलींनी पदकेही मिळवली. मराठवाड्याला मात्र अजून या खेळाचा उतारच लाभलेला नाही.

जागा अगदीच नाही असेही नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात जी गावे नव्याने वसवली गेली, तिथे रस्ते रुंद आहेत, घरे सुटी आहेत. पण तिथली अकरावी-बारावीची पोरे लातुरात खोली करून राहतात. जागा तिथे आणि मुले इथे.

मुले जिथे आहेत तिथले पाहायचे तर नजर ‘ओपन स्पेस’कडे जाते. मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा खुली ठेवण्याचा नियम आहे. या जागांवर काय असते ते आपण रोज पाहतो: एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात सभामंडप, मधल्या जागेत गाजरगवत आणि कुणाचा तरी ट्रॅक्टर. सभामंडपाला माझा विरोध नाही. पण उरलेल्या गाजरगवतातले चारशे-पाचशे चौरस फूट महापालिकेने मुलांना दिले तर कुणाच्या घराचे भाडे बुडत नाही. काम लाकडात करू नये. आपले ऊन आणि पाऊस प्लायला टिकू देत नाहीत, हे भाग्यनगरात पाहिलेच. खाली मुरूम दाबून त्यावर जाळी, काँक्रीट आणि वर घोटलेला कोबा. जो गवंडी धान्याच्या खळ्यासारखा गुळगुळीत कोबा करतो त्याला लाकडी साचा दिला की ही गोलाई जमते. जनवारलाही काही आभाळातून यंत्रे उतरली नव्हती. पडण्याच्या जबाबदारीची भीती अधिकाऱ्यांना वाटेल, ती अमेरिकेतही वाटली होती. हेल्मेटशिवाय प्रवेश नाही अशी पाटी, सुरुवातीला चार फुटांहून उंच काही नाही आणि संध्याकाळी देखरेखीला एक माणूस, एवढ्यावर सुरुवात करता येते.

लातूरच्या एका जुन्या गवंड्याला मी हे सगळे कागदावर काढून दाखवले. त्याने मापांविषयी काहीच विचारले नाही. ‘‘साहेब, मधी पाणी साचंल त्याचं काय?’’ एवढेच म्हणाला. मग त्यानेच सांगितले, मधल्या सपाट भागाला एका कोपऱ्याकडे इंचभर ढाळ द्यायचा, तिथे जाळी बसवायची आणि पाणी शेजारच्या शोषखड्ड्यात सोडायचे. आणि काम दिवाळीच्या आत उरकून घ्यायचे. कोब्यावर पंधरा-वीस दिवस पाणी मारावे लागते, उन्हाळ्यात ते कुठून आणणार?