साखरेवर नजर, काळजाकडे पाठ

भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली, ही वार्ता २०२३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा सर्वत्र हळहळ व्यक्त करण्यात आली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा तो निष्कर्ष होता. प्रौढांपैकी शेकडा ११.४ लोक मधुमेही आणि आणखी शेकडा १५.३ लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर, असे त्या पाहणीने सांगितले. त्याच पाहणीतून आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, बाहेर पडलेला दुसरा एक आकडा मात्र फारसा कोणाच्या कानी गेला नाही. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना पक्के ठाऊक आहे, त्यांच्यापैकी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही एकाच वेळी मर्यादेत राखणारे लोक किती? शेकडा ७.७! शंभरांत आठसुद्धा नाहीत. पहिल्या आकड्यावरून रोगाचा प्रसार कळतो. दुसऱ्यावरून, रोग कळल्यानंतर आपण काय करतो ते कळते. आमच्या मते खरी शरम वाटावी असा आकडा हा दुसरा आहे.

त्याचे कारण असे की, मधुमेह म्हणजे साखर अशी आपण सर्वांनी समजूत करून घेतली आहे. सुशिक्षित घरांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पंचांगातील तिथीसारखी तोंडपाठ असते. लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारणारा मनुष्य स्वतःला पथ्यपाणी सांभाळणारा समजतो, आणि बिनसाखरेचा चहा पिताना त्याच्या चेहऱ्यावर तपस्व्याचे तेज येते. त्याच गृहस्थास आपला रक्तदाब किती, कोलेस्टेरॉल किती, लघवीतून अल्ब्युमिन जाते की काय, असे विचारले तर उत्तर मिळण्याची खात्री नाही. जिलबी नाकारून तो पानतंबाखूकडे वळला, तर त्यातील विसंगती त्याला स्वतःलाही जाणवत नाही. या समजुतीपायी दरवर्षी असंख्य माणसे प्राणांस मुकतात, म्हणूनच हा विषय येथे मांडावा लागत आहे.

मधुमेही मनुष्य बहुधा मरतो तो हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने. वाढलेली साखर, तिच्या जोडीला असलेला रक्तदाब आणि बिघडलेली चरबी ही तिन्ही मिळून रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतात. तेथे चरबीचे थर साचू लागतात, वाहिनी अरुंद होत जाते, आणि एखादे दिवशी तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून मधुमेहाने मज्जातंतू बोथट झालेले असले तर छातीत कळही येत नाही. थोडा दम लागला, घाम आला, अपचन झाले असेल म्हणून सोडा घेतला, आणि प्रत्यक्षात हृदयाचा एक भाग निकामी होऊन गेला, असे घडते. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. मधुमेह ती सूचनाच हिरावून घेतो.

ही माहिती नवी आहे असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रामिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तेथील रहिवाशांच्या हृदयाची नोंद १९४८ पासून ठेवली जात आहे. वीस वर्षांच्या नोंदी पडताळून १९७९ साली संशोधकांनी सांगितले की, मधुमेहींमध्ये रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण इतरांच्या दुपटी-तिपटीने अधिक असते, आणि स्त्रियांना हृदयविकारापासून जे एक नैसर्गिक संरक्षण असते तेही मधुमेहापुढे टिकत नाही. पुढे १९९८ साली फिनलंडमधील एका अभ्यासाने आणखी कठोर गोष्ट दाखविली. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे पण मधुमेह नाही, अशांपैकी शेकडा १८.८ लोकांना सात वर्षांत पुन्हा झटका आला. आणि ज्यांना मधुमेह आहे पण झटका कधीच आलेला नाही, अशांपैकी शेकडा २०.२ लोकांना त्याच काळात पहिला झटका आला. हे समीकरण प्रत्येकास सरसकट लागू पडत नाही, रोग किती जुना आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. तरीही मूळ इशारा ढळलेला नाही. मधुमेहाचे निदान हेच हृदय सांभाळण्याचे पहिले बोलावणे होय.

मग साखर उतरविली की हृदय वाचते काय? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. ब्रिटनमध्ये १९७७ पासून पाच हजारांहून अधिक मधुमेहींवर वीस वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर कसोशीने आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडे आदींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार शेकडा २५ ने घटले. हृदयविकारातील घट मात्र त्या वेळी निर्विवादपणे सिद्ध होऊ शकली नाही. त्याच प्रयोगात ज्या रुग्णांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे उतरविला गेला, त्यांच्यात पक्षाघात शेकडा ४४ ने आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू शेकडा ३२ ने कमी झाले. पुढे २००८ साली अमेरिकेतील व कॅनडातील दहा हजारांवर रुग्णांच्या प्रयोगात साखर जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा हट्ट धरण्यात आला, तेव्हा मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. नेहमीच्या उपचाराखालील गटात २०३, तर कडक उपचाराखालील गटात २५७ मृत्यू झाले आणि तो भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करावे असा कोणी काढील तर तो अनर्थ होईल. ब्रिटनमधील त्याच रुग्णांचा पाठपुरावा आणखी दहा वर्षे केला गेला, तेव्हा रोगाच्या आरंभीच साखर सांभाळणाऱ्यांना हृदयविकारापासूनही संरक्षण मिळाल्याचे २००८ साली आढळून आले. साखर वेळीच सांभाळली पाहिजे, यात शंका नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून राहणे म्हणजे घराच्या चार दारांपैकी एकास कुलूप लावून निर्धास्त झोपणे आहे. डेन्मार्कमध्ये मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागलेल्या अवघ्या १६० मधुमेहींवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांकडे एकदम लक्ष पुरविण्यात आले. सुमारे आठ वर्षांत त्या गटातील हृदयरोगाचा धोका निम्म्यावर आला. आणि एकवीस वर्षांनी, २०१६ साली, हिशेब मांडला तेव्हा त्या रुग्णांना सरासरी जवळजवळ आठ वर्षांचे आयुष्य अधिक लाभल्याचे दिसून आले. यात कोणतीही जादूची मात्रा नव्हती. होती ती केवळ शिस्त.

औषधांच्या बाबतीतही हाच धडा जगाला उशिराने मिळाला. साखर उतरविणारे औषध हृदयास हितकारकच असणार, असे गृहीत धरून वर्षानुवर्षे परवाने दिले जात होते. रोझिग्लिटॅझोन या गाजलेल्या औषधाने हृदयविकाराचा धोका वाढतो की काय, असा संशय २००७ साली पुढे आला. पुढे तो संशय बराचसा निवळला. परंतु त्यामुळे २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयासंबंधीची आपली निर्दोषता सिद्ध केली पाहिजे, असा दंडक घातला. या दंडकातून अनपेक्षित लाभ झाला. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू शेकडा ३८ ने कमी करते, असे २०१५ मध्ये दिसून आले. भारतात या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि सुमारे ६० रुपयांची गोळी १० रुपयांच्या आत मिळू लागली. श्रीमंतांचा उपचार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय.

हे सर्व परदेशांतील प्रयोग आहेत, आपल्या लोकांशी त्यांचा काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा पिढीगणिक अभ्यास चालविला आहे. तेथील अर्भकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. परंतु आपल्या बाळाच्या अंगी जी उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्या मानाने शाबूत होती. डॉ. याज्ञिकांनी २००४ साली आपले आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी याज्ञिकांची शेकडा २१.२ आणि युडकिन यांची शेकडा ९.१! दिसण्यात सडपातळ आणि आतून मेदस्वी, अशी ही आपली ठेवण आहे. पहिला हृदयविकाराचा झटका दक्षिण आशियातील माणसाला इतर देशांतील माणसापेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही एका जागतिक पाहणीत २००७ साली दिसून आले. तेव्हा ‘मी काही लठ्ठ नाही’ या समाधानात राहणाऱ्या वाचकाने वजनकाट्याबरोबर पोटाचा घेरही मोजावा. गर्भवतीच्या ताटात सकस अन्न पडणे हाही पुढील पिढीच्या मधुमेह-प्रतिबंधाचाच भाग आहे, हे विसरता येणार नाही.

आता कर्तव्याचा विचार. केंद्र सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी एकत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, हे योग्यच झाले. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचा संकल्पही मे २०२३ मध्ये सोडण्यात आला. पण उपचाराच्या वहीत नाव चढले म्हणजे रक्तदाब उतरला, असे होत नाही. सरकारी अहवालांत किती लोक तपासले याची मोजदाद मोठ्या हौसेने होते. किती लोकांचे तिन्ही आकडे मर्यादेत आले, याची मोजदाद झाली पाहिजे. आरोग्य केंद्राचे यश त्याच मापाने मोजावे. मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन ही औषधे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यांची किंमत अल्प आहे. ती महिन्याकाठी न चुकता खेड्यापर्यंत पोहोचविणे ज्या शासनास जमत नाही, त्याने टोलेजंग हृदयरुग्णालयांच्या कोनशिला बसविण्यात धन्यता मानू नये.

डॉक्टरांकडेही आमचे एक मागणे आहे. रुग्ण दारात आला की साखरेचा कागद पाहून गोळी वाढवून देणे, एवढ्यावर भागत नाही. स्टॅटिनने साखर किंचित वाढते ही गोष्ट खरी. परंतु २००४ सालच्या ब्रिटनमधील व आयर्लंडमधील प्रयोगात, पूर्वी हृदयविकार नसलेल्या मधुमेहींमध्ये त्या औषधाने हृदयविकार व पक्षाघात एक तृतीयांशाहून अधिक घटविले. हा जमाखर्च रुग्णास समजावून सांगितला नाही, तर तो शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी बंद करणार, आणि तो दोष एकट्या त्याचा नसेल.

शेवटी वाचकांस सांगावयाचे ते इतकेच. साखरेबरोबर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील अल्ब्युमिन हेही आकडे प्रत्येक मधुमेहीने आपल्या वहीत टिपून ठेवावेत, तंबाखू कोणत्याही रूपात असो, ती सोडावी, रोज चालावे, आणि औषधात डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये. उपरोक्त पाहणीत रक्तदाब मर्यादेत असणारे शेकडा ४८.८, कोलेस्टेरॉल मर्यादेत असणारे ४१.५ आणि साखर मर्यादेत असणारे ३६.३ होते. जिच्यावर आपली सारी नजर खिळलेली, ती साखरसुद्धा तिघांपैकी दोघांना आवरलेली नाही! साखर आवरणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. पण रक्तदाब व कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या बाबतीत स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात येतात, आणि तेथेही निम्म्याहून अधिक लोक मागेच आहेत. मार्ग ठाऊक आहे, औषध परवडणारे आहे, आणि तरीही माणसे पन्नाशीत जात आहेत. याला दैव म्हणून मोकळे होण्याचा अधिकार सुशिक्षित समाजाला नाही.