आडनाव ऐकताच ‘गेलेला’ फ्लॅट

बदलापूर-अंबरनाथकडे शांत आणि परवडणारा भाड्याचा फ्लॅट शोधणाऱ्या आपल्या मुलांना एजंट आधी डिपॉझिट सांगतो, मग आडनाव विचारतो. लगेच फ्लॅट ‘कालच गेला’! १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांनाही पारशी सराई सोडावी लागली होती. तेव्हा कायदा नव्हता, आज आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे गुन्हा आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल (१९९० पासून बौद्धही त्यात येतात), तर कलम १२ नुसार कारण अस्पृश्यताच गृहीत धरतात. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. पण नकार फोनवर येतो, मागे काहीच उरत नाही. म्हणून बोलणे व्हॉट्सॲपवर करा. ‘गेलेला’ फ्लॅट दुसऱ्या दिवशी वेगळ्या आडनावाच्या मित्राला विचारायला लावा.