गोळी कुठे अडली?

मंडळी, या सदरात आपण आजवर मिक्सर, इन्व्हर्टर आणि बाबांची जुनी स्कूटर उघडून पाहिली. या वेळची वस्तू आपल्यापैकी कुणाच्या घरात नाही, आणि नसलेलीच बरी. ती म्हणजे रायफल. हे वाचून कुणी बंदुकीला हात लावावा असं मुळीच नाही. फौजेची हत्यारं फौजेकडेच शोभतात. पण बिघाड शोधावा कसा, हे यंदाच्या दिवाळीत मी एका रायफलच्या गोष्टीतून शिकले. मी इंजिनिअर, दहा-बारा वर्षांची नोकरी, तरी शिकवलं मामांनी.

मामा गोंदियाकडचे. फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. निवृत्तीनंतर दर दिवाळीला बैहरमार्गे मलाजखंडला येतात. बाबा तांबे प्रकल्पातून निवृत्त झाले, पण आमचं घर अजून इथेच आहे. भाऊबीजेच्या दुपारी मी अंगणात लॅपटॉप घेऊन बसले होते. आमचं सॉफ्टवेअर एका रुग्णालयात चालतं. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर बारकोडची चिठ्ठी लावायची, ती स्कॅन केली की नोंद होते. रात्रपाळीच्या एका नर्सची तक्रार तिसऱ्यांदा आली होती : "नोंद अडकते." मी फोनवर सहकाऱ्याला म्हटलं, "वापरणाऱ्याची चूक असं लिही आणि बंद कर."

मामा चकली खात होते. म्हणाले, "काऊन बेटा, तू पाह्यलं का ते मशीन?"

"नाही मामा. पण बाकीच्यांची तक्रार नाही ना."

"मंग तुले कसं समजलं चूक तिचीच हाय म्हून?"

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढायला सुरुवात केली.

मामांच्या उमेदीच्या काळात जवानाच्या हातात एसएलआर असायची, सेल्फ लोडिंग रायफल. 1962 च्या चीन युद्धात आपले जवान .303 घेऊन लढले. तिला प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागे. त्यानंतर कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात 7.62 मिलिमीटरची एसएलआर बनू लागली. ही अर्धस्वयंचलित. घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी रायफल स्वतःच भरून घेते.

ती कशी? गोळी नळीतून पुढे धावते तेव्हा तिच्यामागच्या गॅसचा थोडा भाग नळीच्या एका छिद्रातून वर जातो आणि पिस्टनला धक्का देतो. पिस्टन ब्रीचब्लॉकला मागे ढकलतो. मागे जाता जाता तो रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते आणि पुढे येताना तो मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी ढकलत नळीच्या तोंडात बसवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मॅगझिन म्हणजे काय, हे मामांनी माझ्या स्टेपलरवर दाखवलं. डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर पट्टी, पट्टीवर रांगेने 20 गोळ्या. वरच्या तोंडाला पत्र्याच्या दोन वळलेल्या कडा असतात. गोळी उडून जाऊ नये, पण ढकलली की सुटावी, एवढंच त्यांचं काम. या सगळ्या यंत्रातली ही सर्वांत स्वस्त वस्तू. तीच सर्वांत जास्त वेळा जमिनीवर पडते.

"आता सांग," मामा म्हणाले. "जवानानं घोडा दाबला, एक गोळी सुटली. पुन्हा दाबला तर नुसतंच 'टक'. आत गोळीच नाही. काऊन?"

मी म्हटलं, मॅगझिनची स्प्रिंग ढिली असेल. गोळी वेळेत वर आलीच नाही.

"बरोबर. आन् दुसरं?"

दुसरं मला सुचेना. मामांनी सांगितलं. एसएलआरला गॅस कमीजास्त करायची एक फिरकी असते. गॅस कमी पडला, तर ब्रीचब्लॉक पुरता मागे जातच नाही. तो पुढच्या गोळीच्या मागे पोचण्याआधीच परत फिरतो आणि गोळी जागच्या जागी राहते. म्हणजे कारणं दोन, एक मॅगझिनमधलं आणि एक रायफलमधलं. पण जवानाला ऐकू येतं ते एकच 'टक'.

फौजेत अशा अडण्याला 'रोक' म्हणतात. रोक आली की मामांचा क्रम ठरलेला. सर्वांत आधी तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, आणि आत गोळी राहिली नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. त्याआधी काहीही नाही. मग पाहायचं, गोळी नेमकी कुठे अडली. वर आलीच नाही? वर आली, पण नाक खाली करून कडेला टेकली? की आधीचं रिकामं काडतूसच आत अडकलंय? प्रत्येक जागा वेगळी बातमी सांगते. म्हणून घाईघाईने झटका देऊन मोकळं करणारा जवान लढाईत शहाणा, पण वर्कशॉपमध्ये तोच पुरावा पुसतो.

त्यानंतर अदलाबदल. तीच रायफल, दुसरं मॅगझिन. रोक गेली, तर दोष मॅगझिनचा. राहिली, तर तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलला लावायचं. मग गोळ्यांची पेटी बदलायची. माणूस बदलून पाहायचा तो सर्वांत शेवटी. "एका टायमाले एकच गोष्ट बदलायची," मामा म्हणाले. "दोन बदलल्या तर बिघाड जाईल, पण कोणता होता ते कधीच नाही समजणार."

मी हसले. आम्हीही हेच म्हणतो, फक्त पाळत नाही.

गोळ्यांच्या पेटीवरून बाबा गप्पांत आले. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की पितळ फुगून नळीला घट्ट बसतं, गॅस मागे येऊ देत नाही; आणि लगेच जरासं आक्रसतं, म्हणून ओढून काढता येतं. आपल्या भुसावळजवळच्या वरणगावच्या आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत अशी काडतुसं बनतात. खडकीचा कारखाना तर 1869 चा. मलाजखंडचा प्रकल्प 1982 चा. आमच्या डोंगरातलं तांबं कुठे कुठे गेलं असेल, यावर बाबा आणि मामा बराच वेळ बोलत बसले.

मी विचारलं, असे बिघाड मोठ्या प्रमाणावर झालेत का कधी? मामांनी दोन उदाहरणं दिली. पहिलं व्हिएतनामचं. 1960 च्या दशकात अमेरिकेने नवी एम-16 रायफल जवानांच्या हाती दिली आणि ती ऐन लढाईत अडू लागली. बहुतेकदा रिकामं काडतूस आतच अडकून बसे. सुरुवातीला बोट जवानांकडेच होतं : साफसफाई करत नाहीत. पण काडतुसातली दारू मध्येच बदलली होती, आत क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलेलं नव्हतं. 1967 मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने लष्करी व्यवस्थेवरच ठपका ठेवला.

दुसरं आपल्या घरचं. पुण्याच्या एआरडीई या संस्थेने 5.56 मिलिमीटरच्या इन्सास रायफलचा आराखडा केला. 1999 च्या कारगिल युद्धात ती कडाक्याच्या थंडीत लढली, आणि तिथे तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. गारठ्यात प्लॅस्टिक ठिसूळ होतं, हे आपल्याला फ्रीजरमधल्या डब्यामुळेही ठाऊक असतं. आणि डब्याला तडा गेला की आतली स्प्रिंग कितीही चांगली असो, गोळी सरळ वर येत नाही. सर्वांत स्वस्त वस्तू, म्हटलं ना.

एवढं बोलून मामा थांबले. चहा झाला. मग आवाज खाली करून त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी हा लेख.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. फायरिंग रेंजवर एका नव्या पोराची रायफल सारखी अडत होती. मामांनी लांबूनच पाहिलं आणि ठरवलं, पोराने गॅस नीट लावला नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, फायरर की गलती. पोराला भर उन्हात पाठीवर वजन घेऊन पळवलं. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच जवानाची रायफल तशीच अडली. मामांनी मॅगझिन काढून पाहिलं, तर वरची एक कड जराशी, नखाएवढी वाकलेली. मॅगझिनच्या पोटावर जुना पोचा होता. तो पोचा त्यांच्या ओळखीचा होता. त्या पोराच्या हातात हेच मॅगझिन होतं.

"मंग काय केलं मामा?"

"पांढऱ्या रंगानं सगळ्या मॅगझिनवर नंबर टाकले. कोणतं कधी अडलं ते लिहून ठेवाले लागलो. रिटायर होईपर्यंत ठेवलं."

"आणि तो मुलगा?"

"त्याची बदली हून गेली होती. रजिस्टरात त्याच्या नावापुढचं ते वाक्य मी नंतर खोडलं. पण त्याले सांगाचं राहून गेलं, ते राहूनच गेलं."

कुणीच काही बोललं नाही. मग मामांनी मला विचारलं, "तुयी ती नर्स अजून तिथंच हाय ना?"

त्या रात्री मी रुग्णालयात फोन केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी स्वतः बोलले. अडतं तेव्हा स्कॅनर कोणता असतो, चिठ्ठ्या कोणत्या, वेळ काय, हे आम्ही तोवर एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या वॉर्डचा स्कॅनर आणून लावला, तरी अडलं. मग चिठ्ठ्यांची गुंडाळी बदलली, अडेना. रात्रपाळीच्या कपाटात नवी गुंडाळी आली होती, तिच्या चकचकीत कागदावर छपाई फिकट उमटत होती. अर्धवट वाचलेला बारकोड आला की आमचं सॉफ्टवेअर चूक दाखवण्याऐवजी नुसतं थांबून राहायचं. कागदाचा दोष होताच, पण गप्प बसण्याचा दोष आमचा होता.

आमच्या "वापरणाऱ्याची चूक" या शेऱ्यावरून त्यांना मेमो मिळाला होता, हेही तेव्हाच कळलं. एक नमुना उशिरा पोचला होता, त्याचा. मी माझ्या नावाने पत्र लिहिलं, तिन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या आणि शेरे बदलले. आठ दिवसांनी मेमो मागे घेतल्याचा त्यांचा निरोप आला. मी तो मामांना वाचून दाखवला.

मामा म्हणाले, "बरं झालं. आता त्या गुंडाळ्यांवर नंबर टाकाले सांग."