अपेक्षेपेक्षा कमी म्हणजे किती?

मायकल जॅक्सनचा ‘इन्व्हिन्सिबल’ हा अल्बम ३० ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेत प्रकाशित झाला. तेव्हापासून आजवर त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात एक वाक्य जवळजवळ ठरल्यासारखे येते: अल्बमची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर त्यात अपेक्षा करणारा कोणीच नाही. अपेक्षा कोणाची होती, ती केव्हा आणि कशावरून ठरली, याविषयी ते काही सांगत नाही. आणि तरीही ते वाचल्यावर कलाकृतीविषयी एक निर्णय आपल्या मनात नकळत होऊन बसतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पॉप संगीताच्या एका ध्वनिमुद्रिकेकडे का वळावे, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर एवढेच, की हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे. पुस्तकांबाबत ते आपण रोज उच्चारतो.

प्रथम आकडे पाहू. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ‘इन्व्हिन्सिबल’च्या सुमारे ३ लाख ६३ हजार प्रती खपल्या आणि अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ब्रिटनमध्येही तो पहिला आला. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत त्याला २० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. जगभरच्या विक्रीचे आकडे निरनिराळे दिले जातात, पण कोणत्याही हिशेबाने ते काही दशलक्षांत मोजावे लागतात. दुसऱ्या कोणाही गायकाच्या बाबतीत या आकड्यांना घवघवीत यश म्हटले गेले असते. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘एन्सिंक’ या तरुणांच्या चमूचा अल्बम पहिल्या आठवड्यात १८ लाखांहून अधिक खपला होता, आणि ‘इन्व्हिन्सिबल’नंतर आठवड्याभरात आलेल्या ब्रिटनी स्पीअर्सच्या अल्बमने सुमारे साडेसात लाख प्रतींसह पहिली जागा घेतली. शिवाय ‘इन्व्हिन्सिबल’च्या निर्मितीवर सुमारे तीन कोटी डॉलर खर्च झाल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले होते. एवढा खर्च झालेल्या वस्तूला पुरेसे यश म्हणजे काय, हे आधी त्या खर्चानेच ठरवून टाकलेले असते.

तरीही केवळ खर्चाने ही अपेक्षा घडली नाही. ती घडली ‘थ्रिलर’ने. १९८२ सालच्या नोव्हेंबरात निघालेला तो अल्बम अमेरिकेत एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यातल्या नऊपैकी सात गाण्यांनी पहिल्या दहांत स्थान मिळवले. आणि १९८४ च्या ग्रॅमी समारंभात जॅक्सनला एकाच रात्री आठ पारितोषिके मिळाली. हे यश पुन्हा घडवण्याजोगे नव्हते. क्विन्सी जोन्स यांच्यासारखा निर्माता, नुकतीच सुरू झालेली एमटीव्ही वाहिनी, काळ्या कलावंतांना तेथे मिळू लागलेला प्रवेश, गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांच्या आवडींमध्ये जॅक्सनने बांधलेला पूल, हे सारे एका क्षणी जुळून आले होते. असा योग पुढच्या प्रत्येक कृतीचा किमान दर ठरला. ‘बॅड’ (१९८७) आणि ‘डेंजरस’ (१९९१) हे विक्रीचे महापूर होते. पण त्यांच्याविषयीही ‘थ्रिलरइतके नाही’ असे बोलले गेलेच. स्वतः जॅक्सनही या मोजमापातून सुटलेला नव्हता. ‘मूनवॉक’ (१९८८) या आत्मकथनात त्याने सांगितले आहे, की ‘ऑफ द वॉल’ला (१९७९) एकच ग्रॅमी मिळाल्याचे दुःख त्याला झाले होते आणि पुढच्या अल्बमकडे कोणाला दुर्लक्ष करता येणार नाही असा निश्चय त्याने तेव्हाच केला. म्हणजे कृतीची मोजणी बाहेरच्या मापाने करण्याची सवय बाजाराइतकीच कलावंतालाही होती.

हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही कल्पना मांडली, ती आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. वाचक कोऱ्या मनाने कृतीपुढे येत नाही. वाङ्मयप्रकार, आधीच्या कृती, काव्यभाषा आणि व्यवहारभाषा यांतला भेद यांनी त्याची अपेक्षा घडलेली असते. नवी कृती या क्षितिजापासून किती दूर जाते, त्यावरून तिचे कलामूल्य जोखता येते. जी कृती क्षितिजाच्या आतच राहते ती करमणुकीकडे झुकते. या मांडणीतले क्षितिज अर्थाचे आहे, रूपाचे आहे. ‘इन्व्हिन्सिबल’पुढे जे होते ते मात्र आकड्याचे क्षितिज होते. श्रोत्याने या गायकाकडून कसल्या गाण्याची अपेक्षा करावी, हा प्रश्न मागे पडला आणि किती प्रतींची अपेक्षा करावी, हा पुढे आला. आकड्याच्या क्षितिजाला कलात्मक अंतर नसते. तेथे केवळ तूट किंवा वाढ असते.

विक्री अपुरी का पडली, याची कारणे शोधायला अल्बम ऐकावासुद्धा लागत नाही, हे आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. ‘यू रॉक माय वर्ल्ड’ हे पहिले गाणे अमेरिकेत स्वतंत्र सिंगल म्हणून दुकानांत आलेच नाही. केवळ रेडिओवरच्या प्रसारणाच्या बळावर ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. दुसऱ्या गाण्याच्या, ‘क्राय’च्या, चित्रफितीत जॅक्सन स्वतः दिसतच नाही. ‘बटरफ्लाइज’ रेडिओवर चांगले चालले, पण त्याची चित्रफीत निघाली नाही. आणि ज्या कलावंताची कीर्ती नृत्यावर, म्हणजे प्रत्यक्ष देहाच्या हालचालीवर, उभी होती, त्याने या अल्बमसाठी दौरा केला नाही. त्याचा आधीचा, ‘हिस्टरी’च्या वेळचा, दौरा जगभर ८२ प्रयोगांचा होता. त्यातला एक १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, शिव उद्योग सेनेच्या पुढाकाराने झाला होता. इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नसलेल्या मराठी घरांतही त्या दिवसांत जॅक्सनचे नाव घेतले जात होते. २००१ मध्ये असे काही घडले नाही. सप्टेंबरच्या ७ आणि १० तारखांना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या एकल कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षानिमित्त दोन मैफिली झाल्या. दुसऱ्या मैफिलीनंतरची सकाळ ११ सप्टेंबरची होती.

बाजारही बदलत होता. अमेरिकेतली अल्बमची विक्री २००० मध्ये सुमारे ७८ कोटी ५० लाख होती, ती २००१ मध्ये सुमारे ७६ कोटी ३० लाखांवर आली. ‘नॅप्स्टर’ १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ च्या जुलैत बंद पडले होते, पण गाणे अल्बमातून सुटे करून घेता येते ही गोष्ट श्रोत्यांना कळून चुकली होती. आणि १९९३ मध्ये एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप जॅक्सनवर झाला होता. १९९४ च्या जानेवारीत तो दिवाणी दावा न्यायालयाबाहेर मिटवला गेला. मात्र त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या श्रोतृवर्गाच्या मनात त्याच्या प्रतिमेला पडलेला तडा बुजला नाही. हे सगळे कारणांच्या यादीत धरावेच लागते.

कलावंत आणि कंपनी यांनी मात्र आपापले सोयीचे एकेक कारण निवडले. सोनीशी जॅक्सनचा करारावरून वाद चालू होता. जुलै २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात भाषण करताना त्याने कंपनीचे प्रमुख टॉमी मोटोला यांच्यावर वंशद्वेषाचा आरोप केला आणि अल्बमचा प्रचार मुद्दाम रोखला गेला असे सुचवले. कंपनीने आरोप फेटाळले; प्रचारावर अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचा तिचा दावा वृत्तपत्रांत आला. एका बाजूने सांगितले गेले की गाणी उत्तम होती, विकणाऱ्यांनी घात केला. दुसऱ्या बाजूचा सूर असा, की विकणाऱ्यांनी सारे केले, माल कमी पडला. आमच्या मते दोन्ही बाजूंचे गृहीतक एकच आहे. खप हा गुणाचा निकाल असतो, आणि निकाल चुकला असेल तर मध्ये कोणीतरी लबाडी केलेली असली पाहिजे, हे दोघांनाही मान्य आहे. अमेरिकन संगीतउद्योगाने काळ्या कलावंतांचे शोषण केले, हा इतिहास खरा आहे आणि जॅक्सनच्या तक्रारीला त्याची पार्श्वभूमी आहे. पण तो इतिहास खरा असल्यामुळे अल्बम थोर ठरत नाही, आणि प्रती कमी खपल्या म्हणून तो सामान्यही ठरत नाही.

मग कृती म्हणून तो कसा आहे? आमचे मत असे, की ‘इन्व्हिन्सिबल’ सदोष आहे, आणि त्याचे दोष विक्रीच्या कारणांहून वेगळे आहेत. ‘थ्रिलर’ नऊ गाण्यांचा, सुमारे ४२ मिनिटांचा. ‘इन्व्हिन्सिबल’ सोळा गाण्यांचा, सुमारे ७७ मिनिटांचा. सीडीवर मावेल तेवढे सारे भरले आहे. काय गाळावे, हा निर्णयच झालेला नाही. अल्बमचे नाव ‘अजिंक्य’ आणि पहिले गाणे ‘अनब्रेकेबल’. गाण्यांना तोंड फुटण्याआधीच बचावाचा पवित्रा घेतला जातो. पहिली तिन्ही गाणी रॉडनी जर्किन्स याच्या साहाय्याने केलेली, कठोर, धातूसारख्या ठोक्यांची आहेत, आणि एकामागून एक आल्याने त्यांचा जोर परस्परांना मारतो. पहिल्या गाण्यात नोटोरियस बी.आय.जी. या १९९७ साली मारल्या गेलेल्या रॅपरचा आवाज येतो. तो जुन्या ध्वनिमुद्रणातून आणलेला आहे. शेवटच्या ‘थ्रेटन्ड’ या गाण्यात १९७५ मध्ये वारलेल्या रॉड सर्लिंग याचा आवाज आहे. आरंभी आणि अखेरीस मृतांचे उसने आवाज योजून आपण काळाच्या बरोबर आहोत हे सिद्ध करू पाहणारा हा अल्बम ऐकताना करुण वाटतो. ‘प्रायव्हसी’त वृत्तपत्रांवरचा राग आहे, पण रागाला शोभेल असा नवा आकार त्याला सापडलेला नाही.

याच अल्बममध्ये ‘बटरफ्लाइज’ आहे. मार्शा अ‍ॅम्ब्रोशियस या तरुण कवयित्री-गायिकेच्या लेखणीतून आलेले हे गाणे जॅक्सन वरच्या पातळ स्वरात, कोणताही पराक्रम न दाखवता गातो. ‘व्हॉटेव्हर हॅपन्स’मध्ये कार्लोस सँटाना याची गिटार आहे आणि निवेदन तृतीयपुरुषी आहे: एक स्त्री, एक पुरुष, त्यांच्यावर आलेला कसलासा अनिश्चित प्रसंग. ज्या अल्बमभर ‘मी’ आपली फिर्याद मांडतो, तेथे हा ‘तो’ आणि ‘ती’ येताच ऐकणाऱ्याला मोकळे वाटते. ही दोन गाणी ‘थ्रिलर’शी स्पर्धा करीत नाहीत, आणि आमच्या कानांना तीच सर्वांत चांगली वाटतात. फॅरेल विल्यम्स याने पुढे सांगितले आहे, की जस्टिन टिंबरलेकच्या ‘जस्टिफाइड’ (२००२) या अल्बममधली त्याची बरीच गाणी मुळात जॅक्सनसाठी रचलेली होती. ती घेतली असती तर खप वाढला असता का, हा तर्क करणाऱ्यांनी करावा. आम्हांला त्यातून एवढेच दिसते, की हलक्या, नाचत्या चालींचे जुने सामर्थ्य समोर असताना या अल्बमने भव्यता निवडली.

पुढे क्षितिजही हलले. २५ जून २००९ रोजी जॅक्सनचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘बिलबोर्ड’च्या संकेतस्थळावर वाचकांनी मते देऊन ‘इन्व्हिन्सिबल’ला दशकातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले. आठ वर्षांपूर्वीचा अपेक्षाभंग आता दुर्लक्षित ठेवा झाला. हा कौल शोकाचा आणि निष्ठेचा होता. त्याला समीक्षेचा निर्णय मानण्याचे कारण नाही. पण पहिला कौल तरी समीक्षेचा कोठे होता? दोन्ही वेळा गाणी तीच होती, आणि दोन्ही वेळा निर्णय गाण्यांबाहेरच झाला.

आमचा आग्रह यासाठी आहे, की ही सवय आपल्या वर्गांत आणि परिसंवादांत मुरलेली आहे. ‘कोसला’नंतर (१९६३) भालचंद्र नेमाडे यांच्या प्रत्येक कादंबरीचे वाचन ‘कोसला’चा गज हाती धरून झालेले आपण पाहिले आहे. ‘बिढार’ (१९७५) काय करू पाहते, हे विचारण्याआधी ती ‘कोसला’ का नाही, हे विचारले गेले. विद्यार्थी परीक्षेत ‘अपेक्षाभंग करते’ असे लिहितो, आणि आपण त्याला गुण देतो. कोणाची अपेक्षा, असे समासात लिहीत नाही. उलट बाजूने, एखाद्या पुस्तकाच्या आवृत्त्यांची संख्या सांगून त्याचे मोठेपण सिद्ध करणारे प्रास्ताविकही आपण निमूटपणे ऐकतो. खपाचा अभ्यास जरूर व्हावा. प्रकाशन, वितरण, प्रसिद्धी, किंमत, वाचकवर्ग यांचा हिशेब हा वाङ्मयव्यवहाराच्या इतिहासाचा भाग आहे आणि मराठीत तो फारच थोडा झाला आहे. पण तो हिशेब एका वहीत ठेवावा आणि कृतीचे वाचन दुसऱ्या वहीत.

‘इन्व्हिन्सिबल’ कमी का खपला, याचे उत्तर सिंगल, दौरा, करार, बदलता बाजार आणि डागाळलेली प्रतिमा यांत सापडते. तो असमाधानकारक का वाटतो, याचे उत्तर त्याच्या लांबीत, त्याच्या बचावाच्या पवित्र्यात आणि पहिल्या तीन गाण्यांच्या एकसुरीपणात सापडते. यांतले पहिले उत्तर हाती आले म्हणून दुसरे शोधण्याचे कष्ट टाळू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.